देवपूजा, महालक्ष्म्या आणि जप: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

हिंगण्याहून एक भाऊ विचारतात: एमआयडीसीत दर आठवड्याला शिफ्ट बदलते, नाईट करून आलो की सरळ झोपतो. दुपारी उठून पूजा केली तर चालते का?

चालते भाऊ. तुमची सकाळच दुपारी दोनला होते तर तीच तुमची पूजेची वेळ. आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंतचे १६ उपचार सणावाराला ठेवा, रोजच्याला पंचोपचार पुरे, म्हणजे गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, दहा मिनिटांचं काम. तेवढंही नाही जमलं तर गीतेच्या ९व्या अध्यायात देवानं पान, फूल, फळ, पाणी यातलं काहीही चालेल म्हटलंय, अट एकच की ते भक्तीनं दिलेलं असावं. आणि नामाला तर आंघोळीचीही अट नाही, कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या होते.

नागपूरच्या महाल भागातून एक काकू लिहितात: सासूबाईंपासून आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. मी ६८ वर्षांची, गुडघे गेले, मुलगा-सून पुण्याला. सोळा भाज्या, पुरण, सवाष्ण, आता माझ्याच्यानं नाही होत. बंद केल्या तर कोप होईल असं जाऊबाई म्हणतात, रात्री झोप लागत नाही.

काकू, तुमचा प्रश्न वाचून पहिले तर वाईट वाटलं, की ज्या देवीची एवढी वर्षं सेवा केली तिचीच आता भीती वाटून राहिली. अहो ती माहेरवाशीण आहे ना, अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठेवर जेवते, मुळावर जाते, तीन दिवसांची पाहुणी. लेक माहेरी आली आणि आईचे गुडघे दुखताना दिसले तर ती रागावते का? ती पदर खोचून ओट्याशी उभी राहते! नारदांच्या भक्तिसूत्रात भक्ती म्हणजे परमप्रेम असंच सांगितलंय, त्यात कोपाच्या धाकाला जागाच नाही.

आता करायचं काय ते सांगतो. पद्धत काही सगळीकडे एकच नाही, आपल्याकडे मुखवट्यांच्या उभ्या महालक्ष्म्या असतात, कोकणात कित्येक घरी नुसत्या खड्यांच्या गौरी बसतात, त्यांनाही देवी पावतेच. तेव्हा मुखवटे पाटावर बसवा, सोळा भाज्या थोड्या थोड्या घेऊन एकच मिसळीची भाजी करा, आंबील आणि पुरण तेवढं राहू द्या, एक सवाष्ण शेजारची बोलवा. नाहीतर मुलाशी बोलून मुखवटे पुण्याला न्या, आणि सुनेला हाताखाली घेऊन सगळं दाखवा, मला तर हेच जास्त आवडेल, कारण आंबील कशी करायची ते तुमच्या हातचं पाहूनच तिला येईल, मोबाईलवर व्हिडिओ पाहून नाही येत. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना दुखवू नका, त्याही श्रद्धेनंच बोलल्या.

मानेवाड्याहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: मी मूर्ती मानत नाही, ध्यान करतो. आजी म्हणते देवाच्या पाया पड. निर्गुणच श्रेष्ठ ना?

अरे, अर्जुनानं हेच विचारलं होतं, गीतेच्या १२व्या अध्यायाची सुरुवातच त्यानं होते. कृष्णानं अव्यक्ताच्या उपासकांना कमी नाही लेखलं, तेही मलाच येऊन मिळतात म्हणाला, पण देहधारी माणसाला ती वाट जास्त कष्टाची आहे असंही सांगितलं. आपल्या अमरावतीकडचे गुलाबराव महाराज बघ (१८८१ ते १९१५), लहानपणीच दृष्टी गेलेली, अद्वैताचा एवढा गाढा अभ्यास, आणि तरी स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत आणि कृष्णाला पती मानून भजत, त्यांच्या त्या विचाराला मधुराद्वैतच म्हणतात. एवढ्या ज्ञानी माणसाला प्रेम करायला रूप लागलं तर आजीलाही लागू दे. ध्यान सोडू नको. वंदन ही नवविधा भक्तीतली सहावी, ती आजीच्या पायांपासून सुरू कर.

धरमपेठेतल्या एक ताई: माळ हातात घेतली की भाजीची यादी, मुलांची फी, सगळं तेव्हाच आठवतं. असा जप फुकट जातो का?

नाही जात ताई. आठवलं तर आठवू द्या, त्याच्याशी भांडू नका, लक्षात आलं की पुढच्या मण्यावर या, गीतेच्या ६व्या अध्यायात हेच सांगितलंय, मन जिथं जिथं पळेल तिथून परत आणायचं. १०८ मण्यांत पन्नास वेळा आणावं लागलं तर पन्नास वेळा देवाकडे वळलात की! ओठ हलवून हळू आवाजात म्हणा, मनातल्या मनात नको, सुरुवातीला त्यानं मन लवकर थांबतं. आणि यादी आधीच कागदावर लिहून फ्रिजवर लावून या.