चालण्याच्या आनंदावर लघुकथा लिहितोय. आयरनीसाठी शेवटी अपघात टाकू का?

नका टाकू.

उत्तर इथेच संपायला हवं होतं, पण तुमच्या प्रश्नाखालचा तपशील वाचला आणि राहवेना. रोज पहाटे फिरायला जाणारा माणूस, चालण्यात त्याला मजा वाटते, बाकी काही घडत नाही, शेवट सपक होतोय, म्हणून 'तब्येतीसाठी चालणाराच गाडीखाली येतो' असं करावं का, असं तुम्ही विचारलंय. अहो, ही कथा मी लिहून बसले आहे. बक्षीसही घेतलंय तिच्यावर.

एका कथा-कार्यशाळेत मी माझ्या वडिलांवर गोष्ट लिहून नेली होती. म्हातारा फिरायला निघतो, थांबत थांबत चालतो, परत येतो, दाराशी चपला झटकतो. संपली. शिकवणारे सर म्हणाले, "यात आयरनी कुठाय?" आणि त्यांनीच तोडगा काढला: त्याला रुग्णवाहिका उडवते. वर्गात सगळे 'वा' म्हणाले. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. तसा शेवट केला आणि स्पर्धेत दुसरी आले.

बाबांनी छापलेली कथा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मारलंस ते मारलंस. पण मी त्या बाजूनं चालत नाही."

खरंच नाही चालत. समोरून येणारी वाहनं दिसतील अशाच बाजूनं ते चालतात आणि माझी रुग्णवाहिका मागून आली होती. मी ते हसण्यावारी नेलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वाचकाला बाजू कळत नाही."

पुढची गोष्ट मात्र मला कुणी सुचवलेली नाही. मी घरापासून लांब राहते, बाबा भावाकडे. ते सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले तेव्हा मी त्यांना पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं. आकडे ॲपमधून माझ्या मोबाइलवर यायचे. लक्ष्य अर्थातच १०,०००. (हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढला असेल असं वाटायचं मला. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. आकडा मुळात त्या जाहिरातीतला.) बाबांचे आकडे बघून मी थक्क. ११,०००. १३,०००. एकदा १६,०००. मी रोज रात्री फोन करून शाबासकी द्यायचे, ते "हो हो" म्हणायचे. मैत्रिणींना पडद्यावरचे आलेख दाखवले. एकदा बाबांना ताप होता, तरी १२,००० पावलं. मी भावाला झाप झाप झापलं, तापात चालू कसं देता त्यांना! तो गप्प. वहिनी मागे हसत होती ते मला ऐकू आलं, पण टीव्ही लागला असेल असं मी ठरवलं.

मग एक दिवस आलेख नीट बघितला. रोज साडेदहा ते अकरा एकदम उंच सुळका. शनिवारी लवकर, रविवारी भलत्याच वेळी. बाबा साडेदहाला धावतात कशाला?

साडेदहाला माझ्या भाच्याच्या शाळेची मधली सुट्टी होते.

सात महिने घड्याळ त्या नऊ वर्षांच्या पोराच्या मनगटावर होतं. भावाला माहीत, वहिनीला माहीत, खालच्या मजल्यावरच्या आजींनासुद्धा माहीत. न कळलेली एकटी मीच, जी चार लोकांत कथेतल्या आयरनीवर बोलायला जात होते. बाबांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "तुला आकडे हवे होते, मला चालायचं होतं. दोघांचंही भागलं."

त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांच्याबरोबर फिरायला निघाले. एरवी मी दहा मिनिटांत कापते तेवढ्या अंतराला चाळीस मिनिटं लागली. ते थांबतात. चपला घालतात, त्यामुळे लेस बांधायचं निमित्तही नाही, नुसते थांबतात. एका भिंतीच्या भेगेत रोप उगवलंय, ते कालच्यापेक्षा वाढलंय का बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा लागला की पुढे निघतात. तिथे कोण राहतं ते त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पहिली दहा मिनिटं माझ्या डोक्यात भांडण चालू होतं, घड्याळ कितीला पडलं वगैरे. मग पाय त्यांच्या ठेक्यात पडायला लागले आणि डोक्यातलं बोलणं हळू झालं. येताना तीच भिंत दुसऱ्या बाजूनं दिसली. बाबा म्हणाले, "बघ, इकडून वेगळंच दिसतं." दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं. किती पावलं झाली ते विचारू नका.

आता तुमच्या कथेबद्दल. आयरनी म्हणजे शेवटचा धक्का नाही. मराठीत आपण सरसकट 'उपरोध' म्हणतो, तिथेच घोळ होतो. उपरोधात बोलणारा मुद्दाम उलटं बोलतो. नशिबानं उलटा डाव टाकला तर त्याला दैवदुर्विलास हा वेगळा शब्द आहे. आणि वाचकाला कळलंय पण पात्राला नाही, हा तिसरा प्रकार. चालण्याच्या कथेला तो सगळ्यात शोभतो, कारण तो पहिल्या पावलापासून बरोबर चालतो. गाडी आडवी घालणं सगळ्यात सोपं.

टॉलस्टॉयची १८८६ सालची जमिनीची कथा घ्या. सूर्योदयाला निघायचं, दिवसभरात जेवढ्या जमिनीला पायी वळसा घालशील तेवढी तुझी, मात्र सूर्य मावळायच्या आत निघालास तिथे परत यायचं. ही अट ऐकल्यापासून वाचक परतीचं अंतर मोजत असतो, चालणारा मोजत नाही. शेवटी तो ऊर फुटून पडतो तेव्हा धक्का बसत नाही, पोटात खड्डा पडतो. किंवा रे ब्रॅडबरींची 'द पेडेस्ट्रियन' (१९५१). साल २०५३, सगळं शहर पडद्यासमोर बसलेलं, एकच माणूस रात्री हौसेनं चालतोय आणि पोलिसांची गाडी त्याला हटकते. काय करतोयस? चालतोय. गाडीत माणूसच नाही. धंदा विचारल्यावर तो लेखक असल्याचं सांगतो, तर गाडी 'धंदा नाही' असं धरून चालते. ब्रॅडबरींना स्वतःला चालताना पोलिसांनी हटकलं होतं, त्यातून ही कथा आली. त्यात कुणी कुणाला उडवत नाही. सर, वाचत असाल तर पुन्हा सांगते, कुणी कुणाला उडवत नाही.

तेव्हा तुमच्या माणसाला चालू द्या. त्याच्याबद्दल घरच्यांना काय वाटतं आणि तो खरं काय करतो, यात फट ठेवा. ती वाचकाला दाखवा, घरच्यांना नको. आणि त्याला खरंच मजा येतेय हे खोटं पाडू नका. आनंदी माणसाला शेवटी शिक्षा दिली की कथा खोल होते, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. (मला माहीत आहे कुणी.)

शेवटच्या कलाटणीची कथा वाईटच असते असं नाही, हेही सांगायला हवं. ओ. हेन्रींच्या १९०५ च्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' या कथेत बायको नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायला स्वतःचे केस विकते आणि नवरा तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला तेच घड्याळ विकतो. पण तिचे केस आणि त्याचं घड्याळ दोन्ही सुरुवातीलाच आपल्यापुढे ठेवलेले असतात, म्हणून शेवट पचतो. तुमची गाडी पहिल्या पानावर असेल तर आणा बापडी. शिवाय मी दोनच कथा छापून आणल्यात, त्यातली एक ती रुग्णवाहिकेची, तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

घड्याळाचा किस्सा मागे एकदा सरांना फोनवर सांगितला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला, मनापासून हसले, आणि म्हणाले, "छान आहे. शेवटी तो मुलगा घड्याळ घालून रस्ता ओलांडतो असं कर."