लोक स्वतःच्या निर्णयांमुळे आजारी पडत असतील, तर आरोग्यातल्या विषमतेला अन्याय का म्हणायचं?

प्रश्नाखाली तुम्ही बीडच्या ऊसतोड बायकांचं उदाहरण दिलंय. 'गर्भपिशवी काढायची जबरदस्ती कुणी केली नव्हती, कागदावर अंगठा त्यांचाच, मग करदात्यांनी का निस्तरायचं?' बाकीचं सोडून दिलं असतं, हे सोडवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली. करदात्यांची काळजी करू नका, त्या ऑपरेशनात सरकारचा एक रुपया नव्हता. खासगी दवाखाना, आणि पैसे मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला तोडणीचे मजूर पुरवणाऱ्याकडून, वाढीव उचल म्हणजे आगाऊ रक्कम म्हणून घेतलेले. ते पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडले.

मुकादम म्हणजे आमचेच चुलते, नाना. त्यांच्याकडे पुढे येतो.

अक्काचं लग्न लवकर झालं आणि पहिल्याच दसऱ्यानंतर ती दाजींबरोबर सांगलीकडे फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, गेली. कोयता एका माणसाचा नसतो, जोडप्याचा असतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते. एकाचं काम थांबलं की दुसऱ्याचंही थांबतं, म्हणून खाडा, म्हणजे कामाला न गेल्याचा दंड, दोघांचा धरतात. खाड्याचे पैसे दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. म्हणजे पाळीत दोन दिवस कोपीत, फडावरच्या झोपडीत, पडून राहिलीस तर नुसती मजुरी बुडत नाही, उलट अंगावर कर्ज चढतं.

कोपीला न्हाणी नाही. संडास म्हणजे अंधार पडायची वाट बघणं. पाणी कॅनॉलचं. कापड धुवायला जागा नाही, वाळवायला तर त्याहून नाही, ओलंच परत घ्यायचं. गाडी रात्री दोनला आली तरी भरायला उठायचं. अक्काच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. तिनं ते हंगाम संपेपर्यंत अंगावरच काढलं. फडाजवळच्या गावात सरकारी दवाखाना होता, पण तो सकाळी उघडायचा आणि सकाळी ती उसात असायची.

गावी परतल्यावर तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होऊ शकतो. दोन लेकरं झालीत ना? मग कशाला ठेवता?" दाजींनी गोळ्यांचं विचारलं. "किती दिवस गोळ्या खाणार? हंगामात परत त्रास सुरू." अंगठा घेतला. अंडाशयंही काढली होती हे खूप नंतर, दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवल्यावर कळलं. तिशीच्या आत अंगातून वाफा, रात्रभर घाम, गुडघे आणि कंबर धरलेली. मोळी उचलताना आता ती आधी कुठल्या बाजूनं कमी दुखेल ते बघते.

माझ्या बायकोला पुण्यात अगदी हीच तक्रार झाली होती. डॉक्टरबाईंनी तपासलं, पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी केली, आम्हा दोघांना गोळ्यांचा कोर्स दिला. महिन्याभरात बरी झाली. पिशवीचा विषयसुद्धा निघाला नाही. आता मला सांगा, या दोघींमध्ये 'निर्णय' कुणी घेतला?

2019 साली ओरड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर सहावी बाई. देशाचं प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. इतक्या बायकांना एकच गोष्ट 'आपणहून' सुचत असेल, तर शोध त्यांच्या स्वभावाचा घ्यायचा की त्यांना कामाला लावणाऱ्या हिशोबाचा?

नानांचा मुद्दा अगदी तुमचाच. कुठल्याही लग्नात भेटले की विषय तिथंच येतो. "मी कुठं म्हणलं काढ म्हणून? तिनं पैसे मागितले, मी दिले. अडीला उभा राहिलो." त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. डॉक्टर म्हणेल, सही आहे. कारखाना म्हणेल, मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत. दाजी म्हणतील, डॉक्टर सांगतोय तर मी कोण. प्रत्येकाचे हात धुतलेले आणि बाई तेवढी कापलेली. खाड्याचा दर नानांनी ठरवला, फडावर पाणी द्यायचं नाही हे कारखान्यानं ठरवलं, फी डॉक्टरनं ठरवली. हे सगळं ठरून झाल्यावर जे उरलं त्यातून अक्कानं निवडलं. याला मी अन्याय म्हणतो आणि यावर मला चर्चा नको.

गरीब माणसं तंबाखू-सिगारेटसारख्या सवयींमुळे आजारी पडतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. त्यावर थोडक्यात. लंडनमध्ये 1967 पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी मोफत उपचार, उपाशी कुणी नाही. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीत वरच्या साहेबांच्या साधारण तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरल्यावरही निम्म्याहून जास्त फरक तसाच राहिला. तेव्हा तंबाखूचं भाषण राहू द्या. आणि साबणावर, बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी अक्काही भरते. करदाते एकटे तुम्ही नाही.

सरकारनं काय केलं? बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. चांगलं केलं, पण ते शेवटच्या टोकाला धरणं झालं. खाडा तसाच आहे. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे कारखान्यानं 10 रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलं. माझ्या मते तो पैसा सगळ्यात आधी फडावर पाणी, न्हाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांची भरपाई यात जायला हवा, कारण रोग तिथं तयार होतो. नुकसान ज्याच्या नफ्यासाठी झालं त्यानं आधी भरायचं, करदात्याचा नंबर त्यानंतर.

एक मात्र खरं, की त्या 13,861 मधली प्रत्येक शस्त्रक्रिया बिनगरजेची नव्हती. गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही, तिथं काढावीच लागते. सगळे डॉक्टर तसे नसतात. आणि खुद्द अक्काला माझं हे बोलणं पटत नाही. "नसती काढली तर माझे खाडे कुणी भरले असते, तू?" असं तिनं मला तोंडावर विचारलंय. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि फी दाजींच्या उचलीतूनच जात होती.

नाना असलं काही वाचत नाहीत, पण त्यांचा पोरगा वाचतो, आणि यंदा टोळी त्याच्या नावावर आहे. त्याला माझं एवढंच सांगणं आहे: पाळीच्या दिवसांपुरता खाडा एक हंगाम लावू नकोस. त्यात तुझं किती बुडालं ते वहीत लिही, आणि पुढच्या लग्नात ती वही घेऊन ये.