आईचे फोटो पुरात गेले, आता तिच्याबद्दल काय लिहू?

प्रश्न : नमस्कार ताई, आईला जाऊन मार्गशीर्षात वर्ष होईल, वय 81 होतं. आम्ही तीन भावंडं, सात नातवंडं, वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना तिच्यावरची एक छोटी पुस्तिका द्यायची असं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा अल्बमची पेटी गेली, लग्नाचा एकच फोटो होता तो पण त्यातच. आणि खरं सांगू का, लिहायला बसलं की प्रेमळ होती, कष्टाळू होती, इथंच गाडी थांबते. चौथीपर्यंत शिकलेली, नोकरी नाही, सगळा जन्म चुलीपुढं गेला. भाऊ म्हणतो लिहिण्यासारखं काय आहे त्यात, चार अभंग छाप आणि मोबाईलमधला शेवटचा फोटो लाव. माझी लेक म्हणते आज्जीचं पुस्तक आहे तर आज्जी पाहिजे की त्यात. काय करू?
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमची लेक बरोबर बोलतेय.

लिहिण्यासारखं काय आहे, हे ऐकलं की मला पोटात तुटतं, कारण आपल्या आया स्वतःबद्दल पण हेच म्हणायच्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेड्याखेड्यात फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायका तुमच्या आईसारख्याच, शेतात आणि चुलीपुढं राबलेल्या. त्यांची नावं, गावं लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. कुणीतरी विचारायला गेलं, एवढाच काय तो फरक.

तर आधी माळ्यावरची भांडी खाली काढा. कागद पाण्यात जातो, पितळेवर घातलेलं नाव जात नाही. कळशी, परात, डबे, तांब्या, सगळं उलटं करून बुडाशी बघा, आहेर कुणाचा, तारीख कुठली, कुठल्या कार्याला आलेलं. माझी आई गेली तेव्हा एका डब्याच्या बुडाला मला एका बाईचं नाव दिसलं, मला वाटलं शेजारचा डबा चुकून आपल्याकडं राहिला, परत द्यायला पाहिजे, म्हणून मावशीला विचारलं तर ती म्हणाली अगं ते तुझ्या आईचंच नाव, लग्नात बदललं. मी तिथंच खाली बसले. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि तिचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. तुम्हाला तुमच्या आईचं माहीत आहे का? लेकीला माहीत आहे का?

चौथीपर्यंत शिकल्या म्हणजे गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला नोंद असणार. जुनी रजिस्टरं जपली असतील तर अर्ज करून उतारा मिळतो, त्यात माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख असते आणि शाळा सोडण्याचं कारण असा पण एक रकाना असतो. तो रकाना नक्की वाचा.

फोटो सगळेच गेले असं पण धरून चालू नका, तुमच्या मामेभावाच्या, आत्तेबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये पंगतीत वाढताना, नवरीच्या मागं उभी असलेली आई सापडेल, कडेला का असेना.

मग तिच्या वयाच्या बायकांकडं जा, आणि हे लवकर करा, त्या पण थकल्यात. कशी होती असं विचारलं की चांगली होती म्हणतील आणि चहा ठेवतील. त्यापेक्षा विचारा, तुमचं दोघींचं भांडण कशावरून झालं होतं, जोतिबाच्या यात्रेला कुणाबरोबर जायची, घरात न सांगता पैसे कुठं ठेवायची, पूर आला तेव्हा घरातनं निघताना हातात काय घेतलं. फोनवर रेकॉर्ड करा, सांगून करा.

आईचे व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच चॅट एक्सपोर्ट करा, मीडियासकट, आणि मेलवर पाठवून ठेवा. फोन बिघडला की आवाज पण जातो, आणि जेवलीस का एवढंच विचारलेलं असलं तरी तो आवाज पुस्तिकेपेक्षा मोठा आहे.

आणि चटणी! उन्हाळ्यात वर्षाची चटणी घरात व्हायचीच ना, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धणे, तीळ, खोबरं, खसखस तेलात भाजून, डंकावर कुटून आणायची, मग कांदा-लसूण. हे सगळ्यांच्या घरी होतं, पण किलोला लसूण किती, काय आधी भाजायचं, डंकावर ती स्वतः उभी राहायची की पोरांना पाठवायची, हे फक्त तिचं. तिचा हात अंदाजाचा होता, म्हणून येत्या उन्हाळ्यात लेकीला आणि वजनकाटा घेऊन बसा, चव जुळेपर्यंत. पुस्तिकेला तोवर उशीर झाला तर होऊ दे, पुढच्या वर्षी दुसरी छापा.

तुमच्या भावाचं पण मन दुखवू नका, त्याला आठवायला त्रास होत असेल म्हणून तो अभंगावर थांबतोय असं मला वाटतं. चार अभंग शेवटच्या पानावर घ्या. पहिल्या पानावर आईचं माहेरचं नाव घाला, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट. सापडलं की मला कळवा, मी वाट बघते.