गाडीचा पिकअप महिन्याच्या भाड्याने घ्यावा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. फोक्सवॅगन आयडी.३ प्रो एस ही इलेक्ट्रिक गाडी ३६ महिन्यांच्या पीसीपीवर (मुदतभर हप्ते, शेवटी गाडी परत करा किंवा मोठा हप्ता भरून ठेवा, असं कर्ज) घेतली. आता कळतंय की गाडीची ताकद २०१ बीएचपीवर (ब्रेक हॉर्सपॉवर) अडवून ठेवलेली आहे. महिना १६.५० पाउंड, वर्षाला १६५ किंवा एकदाच ६४९ पाउंड भरले की ती २२८ बीएचपी देते. माझं मत, कशाला हवंय? मिस्टर म्हणतात, एकदाच ६४९ भरून मोकळे होऊ, गाडी विकताना वसूल होतील. एरवी आम्ही तीन वर्षांनी गाडी बदलतो, पण ही आवडली तर ठेवूही. महिन्याला साधारण ३५० पाउंड शिल्लक पडतात. त्यापेक्षा हे पैसे भारतात एसआयपीत घालावेत का?

उत्तर: मिस्टरांच्या वाक्यातला 'विकताना' हा शब्द आधी तपासू. पीसीपीवरची गाडी तुमची नसते. शेवटचा मोठा हप्ता, ज्याला इथे बलून म्हणतात, तो भरेपर्यंत मालक फायनान्स कंपनी असते. ३६व्या महिन्याला गाडी परत केलीत तर तुमच्याकडे विकायला काही उरतच नाही. आणि ६४९ पाउंडांचा 'आजीवन' पर्याय गाडीला जोडलेला असतो, माणसाला नाही. तुम्ही पुढची आयडी.३ घेतलीत तरी तो तिच्यावर येणार नाही. जुन्या गाडीबरोबर जाईल आणि पुढच्या मालकाला आयता मिळेल.

मुदत संपताना गाडीची बाजारातली किंमत बलूनपेक्षा जास्त निघाली, तर वरचे पैसे पुढच्या गाडीच्या डिपॉझिटला लावता येतात, हे खरं. पण डीलर किंमत काढतो ती नोंदणी क्रमांक, मॉडेल, मैल आणि ओरखडे पाहून. ॲपमधून घेतलेल्या २७ बीएचपींचे वेगळे पैसे तो देईल असं धरून चालू नका. हिशेबात ती रक्कम शून्य लिहा. दुसरा धोका अपघाताचा. गाडी टोटल लॉस झाली तर विमा कंपनी त्या दिवशीचा बाजारभाव देते. दोन महिन्यांपूर्वी भरलेले ६४९ त्यात शोधून सापडणार नाहीत.

आता आकडे. तीन वर्षं दर महिन्याला भरलंत तर ५९४ पाउंड, वर्षावारी भरलंत तर ४९५, आणि आजीवन ६४९. वार्षिक पर्यायात दोन महिने फुकट पडतात, बस इतकंच. महिन्याच्या दराने ६४९ ची बरोबरी ४०व्या महिन्यात होते, म्हणजे तुमचा करार संपल्यावर. वार्षिक दराने चौथ्या वर्षाचा भरणा धरून ६६० होतात, त्यामुळे वरवर पाहता चार वर्षांत आजीवन स्वस्त वाटतं. पण हातातल्या पैशावर बचत खात्यात ४ टक्के व्याज मिळतं असं धरलं, तर त्या चार वार्षिक हप्त्यांची आजची किंमत ६२३ च्या आसपास येते. पाचवा हप्ता भरायची वेळ आली तरच आजीवन फायद्यात जातं. थोडक्यात, हीच गाडी चार वर्षांहून जास्त तुमच्याकडे राहणार असेल तरच ६४९ चा विचार करायचा.

तुमचं 'आवडली तर ठेवूही' हे मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. समजा गाडी परत केली तर वार्षिक पर्यायाला ४९५ लागले, आणि बलून भरून सहा वर्षं ठेवली तर ९९०. आजीवन दोन्ही वेळा ६४९. व्याज सोडून गणित मांडलं, तर गाडी ठेवण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या वर असेल तेव्हा आज ६४९ भरणं सरासरीने स्वस्त पडतं. जवळजवळ तीनात एक. यापूर्वीच्या गाड्यांपैकी किती बलून भरून ठेवल्यात ते दोघांनी आठवा. एकही नसेल तर ही शक्यता तीनात एक नाही, ती फक्त नव्या गाडीची नवलाई आहे.

पण हा सगळा ताळा 'ताकद घ्यायचीच' असं गृहीत धरून आहे. न घेण्याचा खर्च शून्य आहे, आणि त्या शून्यात नेमकं काय गमावता ते बघू.

पैसे भरल्यावर गाडीत काहीही बसवलं जात नाही. इलेक्ट्रिक गाडीत तुम्ही पेडल दाबता तेव्हा सॉफ्टवेअर ठरवतं की किती टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मागायचा, आणि इन्व्हर्टर मोटरला तेवढा करंट सोडतो. वरची मर्यादा हा सॉफ्टवेअरमधला एक आकडा असतो. तो आकडा वर सरकवला की २६५ न्यूटन-मीटरचे ३१० होतात. म्हणजे टॉर्क १७ टक्के वाढतो, ताकद साधारण १३ टक्के.

यात एक गंमत आहे. २०२० साली आलेल्या पहिल्या आयडी.३ मध्ये हेच २०१ बीएचपी आणि ३१० न्यूटन-मीटर होते, आणि त्यासाठी वेगळा पैसा नव्हता. मोटरचं नावच मुळी एपीपी ३१०. त्यामुळे मिस्टरांना सिग्नलवरून सुटतानाचा तो जोर हवा असेल, तर पुढच्या वेळी जुन्या आयडी.३ ची चाचणी घेऊन बघायला हरकत नाही. भारतात स्विफ्टचं ७५ पीएसचं (पीएस म्हणजे बीएचपीच्या जवळपासचंच माप) आणि सियाझचं ९० पीएसचं डिझेल इंजिन एकाच जातीचं होतं, पण तिथे ९० वाल्याला वेगळा टर्बो होता. जास्तीचे पैसे निदान लोखंडाचे तरी होते.

हा फरक जाणवतो कुठे? शाळेच्या रस्त्यावर ताशी २० मैलांत नाही, गावात ३० च्या मर्यादेतही नाही. एम-४ मोटरवेच्या ११ नंबर जंक्शनवर चढताना लॉरीच्या पुढे घुसायचं असेल आणि पेडल तळाला टेकवलं तर जाणवेल. चौघं बसलेत, डिकी भरलेली आहे, समोर चढ आहे, तेव्हाही. त्यातही बॅटरी गारठलेली किंवा चार्ज अगदी कमी असेल तर इलेक्ट्रिक गाडी स्वतःच ताकद आवरती घेते. म्हणजे जानेवारीच्या सकाळी तुम्ही भाडं भरलेलं असूनही पूर्ण माल हातात येईलच असं नाही. रेंज कमी होत नाही असं कंपनी सांगते. पाय हलका असेल तर तसंच होईल. आयडी.३ चं बळ मागच्या चाकांवर जातं, तेव्हा जोर वापरत राहिलात तर मागचे टायर आधी झिजतील, हे मात्र धरून चाला.

विम्याचा भाग जरा किचकट आहे. कंपनीचं म्हणणं असं की गाडीची नोंद मुळातच २२८ बीएचपीवर आहे, त्यामुळे ताकद खुली केल्याने विम्यात बदल होण्याचं कारण नाही. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. वापरायला २०१ मिळत असतानाही विमा कंपनीच्या कागदावर तुमची गाडी आधीपासूनच २२८ ची असू शकते. तरी गप्प बसू नका. इथल्या २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विचारलेल्या माहितीत निष्काळजीपणे चूक राहिली तर दावा कापला किंवा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला चॅटवर किंवा ईमेलवर एकच प्रश्न विचारा: 'निर्मात्याचं अधिकृत पॉवर अपग्रेड सुरू केलं तर ते मॉडिफिकेशन धरता का?' उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं 'काही हरकत नाही' हे दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. हेच फायनान्स कंपनीलाही विचारा, कारण मालक ती आहे.

कोणी तिऱ्हाईत स्वस्तात हाच कुलूपबंद आकडा उघडून देतो म्हणाला तर लांब राहा. वॉरंटी, विमा आणि पीसीपीचा करार, तिन्ही ठिकाणी तुम्ही एकाच वेळी अडचणीत याल.

घाई न करण्याचं अजून एक कारण. अशा सॉफ्टवेअरचे भाव लोखंडासारखे टिकत नाहीत. मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ईक्यूई आणि ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाड्यांची ताकद वाढवण्याचे वर्षाला १,२०० डॉलर सांगितले. पुढच्या वर्षी ईक्यूईसाठी तोच भाव ६०० वर आला आणि आजीवनचा पर्यायही निघाला. बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियात गरम सीटसाठी मासिक वर्गणी लावून बघितली, लोक संतापले, आणि २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. तुमच्या गाडीतही ३६व्या महिन्याला भाव काय असेल ते आज ठरलेलं नाही. तो वाढूही शकतो, पण थांबल्याने तुमचं नुकसान होत नाही, कारण तोवर तुम्ही काहीच भरलेलं नाही.

तेव्हा माझं मत असं. ६४९ आज भरू नका, वार्षिकही नको. मिस्टरांचं मन राखायचं असेल तर ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जाल त्या एका महिन्यापुरतं १६.५० भरा. आधी ॲपमध्ये मोफत चाचणीचा महिना दिसतो का ते पाहा. सुरू करताना 'आपोआप नूतनीकरण' हा पर्याय शोधून बंद करा आणि त्याच मिनिटाला फोनमध्ये २५ दिवसांनंतरची आठवण लावा. ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, पण डिजिटल वस्तू लगेच सुरू करायला होकार दिला की तो जाऊ शकतो. म्हणून टिकमार्क करण्याआधी ती ओळ वाचा. गावात एक आठवडा ताकद सुरू असताना आणि एक आठवडा बंद असताना गाडी मिस्टरांना चालवायला द्या, केव्हा सुरू आहे ते न सांगता. ओळखता आलं तर पुढचं बोलू.

एसआयपीबद्दल. वर्षाच्या १६५ पाउंडांनी एसआयपीचं काही घडत-बिघडत नाही, ३५० पाउंडांच्या शिलकीने घडतं. पण तुम्ही ब्रिटनचे रहिवासी आहात. भारतातल्या बहुतेक म्युच्युअल फंडांना एचएमआरसीचा, म्हणजे इथल्या कर खात्याचा, 'रिपोर्टिंग फंड' दर्जा नाही. असा फंड विकल्यावरचा नफा इथे भांडवली नफा न धरता उत्पन्न धरला जातो आणि तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबने कर लागतो. त्याआधी इथला आयएसए, म्हणजे करमुक्त बचत-गुंतवणूक खातं, वापरा, प्रत्येकी वर्षाला २०,००० पाउंडांपर्यंतची मर्यादा आहे आणि आतल्या वाढीवर कर नाही. तीन महिन्यांचा घरखर्च आणि पीसीपीचे तीन हप्ते आधी रोख आयएसएमध्ये साठवा, मग उरलेलं शेअर्सच्या आयएसएत. गाडी ठेवायचा विचार पक्का होत गेला तर बलूनसाठी वेगळं खातं उघडून महिना १०० पाउंड टाकत जा, म्हणजे शेवटी ती सगळी रक्कम पुन्हा कर्जाने उभी करावी लागणार नाही.

३०व्या महिन्याला फायनान्स कंपनीकडून सेटलमेंटचा आकडा, म्हणजे कर्ज तेव्हाच मिटवायला लागणारी रक्कम, मागवा आणि दोन-तीन ठिकाणी गाडीची किंमत काढून घ्या. बलून भरायचं ठरलं, तर ॲप उघडून त्या दिवशीचा आजीवनचा भाव बघा आणि पुढे किती वर्षं गाडी ठेवणार त्याने तो भागा. भागाकार तेव्हाच्या वार्षिक भावापेक्षा कमी आला आणि मिस्टरांनी ती आठवड्याची परीक्षाही पास केलेली असली, तर भरा.