अमीर की खलिफा? कोर्दोबाच्या अब्द अर-रहमान तिसऱ्याची पदवी

प्रश्न असा आहे: दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या अब्द अर-रहमान तिसऱ्याला एका लेखात अमीर म्हटले आहे, दुसऱ्यात खलिफा. दोन्ही बरोबर का? आणि मराठीत अमीर म्हणजे श्रीमंत, मग तो राज्यकर्ता कसा?

दोन्ही बरोबर, पण एकाच काळासाठी नव्हे. जन्म 891 चा हा माणूस ऑक्टोबर 912 मध्ये आजोबा अब्दुल्ला यांच्या मागे गादीवर आला, तो अमीर म्हणून. जानेवारी 929 मध्ये त्याने स्वतःला खलिफा जाहीर केले आणि ऑक्टोबर 961 मध्ये मृत्यू होईपर्यंत तो खलिफाच होता. म्हणजे पहिली सोळा वर्षे अमीर, नंतरची जवळपास 33 वर्षे खलिफा. 920 मधल्या स्वारीविषयी लिहिताना 'खलिफाचे सैन्य' म्हणणे चूक, आणि 939 च्या सिमांकासच्या पराभवाविषयी लिहिताना 'अमिराचे सैन्य' म्हणणेही चूक.

अरबीत 'अम्र' म्हणजे हुकूम आणि अमीर म्हणजे हुकूम देणारा: सेनापती, सुभेदार, प्रांताधिकारी. या शब्दात मुळात एक वरिष्ठ गृहीत आहे, कारण अमिराचा अधिकार खलिफाकडून, म्हणजे मुसलमानांच्या सर्वोच्च प्रमुखाकडून, आलेला असतो. अंदालुसची, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनची, गंमत अशी, की हा वरिष्ठ तिथे होताच कुठे? 750 मध्ये अब्बासी घराण्याने तोवर खलिफापदावर असलेल्या उमय्या घराण्याची कत्तल केली. त्यातून निसटलेला अब्द अर-रहमान पहिला 755 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला आणि 756 मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. शुक्रवारच्या खुत्ब्यात (मशिदीतल्या प्रवचनात) अब्बासी खलिफाचे नाव घेणे त्याने बंद केले, तरी खलिफा ही पदवी मात्र स्वतः घेतली नाही. त्याच्या वारसांनीही 929 पर्यंत, म्हणजे 173 वर्षे, हाच संयम पाळला. म्हणून 'कोर्दोबाची अमिरात' हे बगदादच्या अब्बासींचे मांडलिक राज्य समजू नये. पदवी धाकटी होती, सत्ता पूर्ण होती.

तिसऱ्या अब्द अर-रहमानने संयम का सोडला? 909 मध्ये उत्तर आफ्रिकेत फातिमी या शिया घराण्याने आपला वेगळा खलिफा जाहीर केला होता. समुद्रापलीकडचा शेजारी खलिफा म्हणवत असताना उमय्यांनी अमीर राहणे म्हणजे दुय्यमपण मान्य करणे. शिवाय 928 मध्ये बोबास्त्रो हा बंडखोरांचा डोंगरी किल्ला पडला. उमर इब्न हफ्सूनने आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलांनी तो कित्येक वर्षे लढवला होता. घरातले बंड मोडल्यावर लगेच पुढच्या वर्षी पदवी आली, हा क्रम फार बोलका आहे. सुभेदारांना पत्रे गेली: यापुढे पत्रव्यवहारात आणि मिंबरावरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) हीच पदवी वापरावी. नाण्यांतही फरक दिसतो. अमिरांच्या काळात चांदीचे दिरहम पडत; खलिफापदाबरोबर सोन्याचे दिनारही पडू लागले. (टांकसाळीला अरबीत 'दार अस्-सिक्का' म्हणत. सिक्का म्हणजे नाण्याचा साचा. आपला शिक्का तोच.)

गोंधळ होतो तो पुढे. खलिफाची औपचारिक पदवी होती 'अमीर अल्-मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा अमीर. यातला अमीर पाहून 929 नंतरही तो अमीरच होता असा निष्कर्ष काढू नका. ही पूर्ण पदवी खलिफाचीच. याउलट अकराव्या शतकातल्या, उत्तर आफ्रिकेतल्या मुराबित घराण्याच्या युसुफ इब्न ताशफीनने 'अमीर अल्-मुस्लिमीन' ही पदवी घेतली. एका शब्दाच्या या फरकातून तो बगदादच्या खलिफाचा मान राखत होता. अनुवादात दोन्हींना 'मुसलमानांचा नेता' केले, तर हा सगळा मुद्दा हरवतो.

आता मराठी. उमरा हे अमीरचे अरबी अनेकवचन; आपला उमराव तिथून आला, पण मराठीत तो एकवचनी झाला. शाइस्ताखानाचा किताब 'अमीर-उल्-उमरा' होता, म्हणजे अमिरांचा अमीर. मीर बक्षी, मीर आतिश या मोगल हुद्द्यांतला मीर हा अमीरचाच आखूड अवतार. दरबारी अमिराकडे जहागीर आणि उत्पन्न असे, त्यामुळे हुद्द्याचा शब्द हळूहळू पैशाचा झाला. श्रीमंत या शब्दाचा प्रवास बरोबर उलटा: वैभवाचा शब्द पेशव्यांच्या नावाआधीची पदवी झाला.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला तसेच अमीर-अमिराला. सामान्यरूपात मि ऱ्हस्व. आणि नाव तोडून 'रहमान तिसरा' लिहू नये. अर-रहमान हे ईश्वराचे नाव आहे, अब्द म्हणजे त्याचा दास. अब्द गाळला की माणसाला ईश्वराचेच नाव दिल्यासारखे होते. अब्दुर्रहमान असे जोडून लिहिले तरी चालेल.