३२ जीबीतला संसार

या वेळी छोट्या, अशक्त लॅपटॉपांचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून मोबाइलवाले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा लॅपटॉप ११.६ इंची आहे, सेलेरॉन एन३०६०, ४ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी, विंडोज १०. रोज डिस्क भरल्याचा मेसेज येतो, अपडेट होत नाही, आणि क्रोममध्ये यूडायस (शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) उघडून बाजूला वर्ड उघडलं की दोन-दोन मिनिटं हँग. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो. भाचा म्हणतो लिनक्स टाक. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, भाच्याचं ऐका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ओएस, कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. पण आजच नको, आधी हे वाचा.

दुकानदाराचं का नाही ते आधी सांगतो. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबीची डिस्क लागते, तुमची त्याच्या निम्मी. तुमचा प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. ती तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, आणि चालूही होतं ते, पण मग वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही आणि आलं तरी ठेवणार कुठे? तुमची आत्ताची अडचणही तीच आहे ना. ३२ म्हणून विकलेली डिस्क विंडोजमध्ये साधारण २९ दिसते, त्यात विंडोज स्वतः, रिकव्हरीचं पार्टिशन, रॅम भरल्यावर वापरायची फाइल, हायबरनेटची फाइल, आणि मोठं अपडेट करताना जुनी आवृत्तीही काही दिवस सांभाळून ठेवायची. एका खोलीत पाहुण्यांसकट बिऱ्हाड थाटल्यासारखं आहे ते, तुम्ही कितीही आवरा, पसारा होणारच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेची जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालीयत, पण तुमच्याकडे नेहमीचीच अपडेट मावत नव्हती.

बरं ही ईएमएमसी म्हणजे मोबाइलमध्ये असते तशी बोर्डावर डकवलेली चिप, ती काढून मोठी टाकता येत नाही. अशा लॅपटॉपात रॅमही बहुतेक वेळा सोल्डर केलेली असते. म्हणजे पैसे खर्च करून सुधारण्यासारखं काही उरलं नाही, जे काय करायचं ते सॉफ्टवेअरमध्येच.

आता लिनक्समध्ये कुठलं, कारण त्याचे बरेच प्रकार आहेत. माझं मत मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, २२ ची मालिका, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तुमचा भाचा कदाचित याहून हलकं काहीतरी सुचवेल, या बाबतीत पोरांमध्ये चढाओढच असते की कोणाचं किती कमी रॅममध्ये चालतं. माझ्याकडच्या एका असल्याच जुन्या लॅपटॉपवर मिंट एक्सएफसीई चालू झाल्यावर पाऊण जीबीच्या आसपास रॅम घेतं, लुबुंटू त्याहून थोडी कमी, अँटिएक्स पाव जीबीत भागवतं. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण मग आपण ब्राउझर उघडतो, पाच टॅब लावतो, आणि तो एकटाच दीड जीबीच्या पुढे जातो. ओएस हलकी केली म्हणून यूट्यूब हलकं होत नाही. ४ जीबी असेल तर जे सेटिंग शोधायला सोपं आणि अडल्यावर मदत मिळायला सोपं ते घ्यावं, २ जीबी किंवा त्याहून कमी असेल तरच शेवटचा एमबी वाचवायच्या मागे लागावं.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, ८ जीबीचा पुरतो, लॅपटॉपातलं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का. आवाजाकडे नीट लक्ष द्या, कारण या जातीच्या स्वस्त लॅपटॉपांत साउंडची चिप कधीकधी लिनक्सला ओळखू येत नाही, आणि पेनड्राइव्हवर जे चाललं नाही ते टाकल्यावर आपोआप चालेल अशी आशा धरू नका. आणि एक, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदलण्याआधी विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा, असेल तर बंद करा नाहीतर त्याची रिकव्हरी की (किल्ली) लिहून ठेवा. मी एकदा घाईत बायोसमधलं सिक्युअर बूट नावाचं सेटिंग बंद केलं, पुढच्या वेळी विंडोजनं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, आणि लॅपटॉप माझा नव्हता, मेव्हण्याचा होता. तो दिवस अजून लग्नकार्यात निघतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स, असं ३२ जीबीत करू नका. दोघंही उपाशी राहतील. फाइली बाहेर काढा, दोन ठिकाणी ठेवा, आणि पूर्ण डिस्क मिंटला द्या.

टाकून झाल्यावर चार कामं त्याच दिवशी करा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये झेडरॅम कॉन्फिग नावाचं पॅकेज मिळेल, ते टाकून एकदा रीस्टार्ट. रॅम भरत आली की आतला न लागणारा भाग हे दाबून छोटा करतं आणि रॅममध्येच ठेवतं, गोधड्या गुडघ्यानं दाबून पेटीत बसवतो तसं, त्यामुळे त्या हळू ईएमएमसीवर लिहायची वेळ कमी येते. ४ जीबीत सगळ्यात जास्त फरक मला याच एका गोष्टीनं पडलेला दिसलाय. मग टाइमशिफ्ट, ते सिस्टिमच्या जुन्या प्रती ठेवतं, छोट्या डिस्कवर एकच प्रत ठेवा नाहीतर महिन्याभरात परत डिस्क भरल्याचा मेसेज आणि शिव्या मला. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल (लिनक्सचा गाभा, अपडेटबरोबर जुने साठत जातात) आपोआप काढायचा पर्याय आहे तो चालू करा. आणि कुठलंही सॉफ्टवेअर घेताना फ्लॅटपॅक आणि सिस्टिम पॅकेज असे दोन पर्याय दिसले तर सिस्टिम पॅकेज घ्या, फ्लॅटपॅक स्वतःबरोबर एक-दोन जीबीचं सामान सहज घेऊन येतं.

वर्गात यूट्यूब दाखवताना अडकत असेल तर त्याचं कारण बऱ्याचदा व्हिडिओचा फॉरमॅट असतो. यूट्यूब नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, तो उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसते, मग सगळा भार प्रोसेसरवर पडून लॅपटॉप तापतो. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुना एच.२६४ फॉरमॅट देतं, आणि तो तुमच्या चिपला हार्डवेअरमध्ये जमतो. ७२० च्या वर जाऊ नका, त्या स्क्रीनवर तसाही फरक दिसत नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, मराठीचा. लिनक्स टाकून पस्तावलेले शिक्षक मी पाहिलेत ते याच कारणानं. तुमच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसतं ती पद्धत) असतील तर काही अडत नाही, कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कगप फोनेटिक आहे. पण जुन्या फाइली श्रीलिपीत किंवा डीव्ही-टीटी सुरेखसारख्या फॉन्टात असतील तर त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकला तर वाचता येतं, टाइप करायचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचं. अशा फाइली भरपूर असतील तर विंडोज हातात असतानाच युनिकोडमध्ये करून घ्या. आणि लिबर ऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर वर्डच्या जागी असतं त्यात, मंगल किंवा निर्मला फॉन्ट नसतो, त्याजागी दुसरा येतो, ओळी सरकतात आणि एका पानात बसवलेली चाचणी दुसऱ्या पानावर जाते. केंद्रप्रमुखांना पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा.

प्रश्न : मी निवृत्त, वय ७१, देवरुखला असतो. २००९ सालचं १० इंची नेटबुक कपाटात सापडलं. अॅटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, एक्सपी. नाट्यसंगीत ऐकणं आणि आठवणी लिहिणं एवढंच करायचंय. विंडोज ७ टाकू का?

उत्तर : काका, नको. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला आणि ७ चा जानेवारी २०२० ला, म्हणजे एका पडक्या घरातून दुसऱ्या पडक्या घरात. खरी अडचण वेगळीच आहे, एन२७० हा ३२-बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीचा प्रोसेसर (आताचे ६४-बिट असतात), आणि ३२-बिटची दारं एकेक करून बंद होतायत. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटूनं कधीच सोडलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, क्रोम ३२-बिट लिनक्सवर २०१६ पासून नाही, फायरफॉक्सनंही १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. तुमच्यासाठी उरतं ते अँटिएक्स, त्याची २३ ची मालिका डेबियन १२ वर आहे आणि ३२-बिटमध्ये मिळते. चित्रविचित्र दिसतं पण असल्या यंत्रांवर जीव आहे त्या लोकांचा.

१ जीबी रॅम काढून २ जीबीची डीडीआर२ टाका, जुन्या बाजारात मिळते, याहून जास्त हे नेटबुक घेतच नाही. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली तर उत्तम, फक्त पेच उघडताना कीबोर्डची पट्टी जपा. स्क्रीन १०२४ बाय ६०० ची, त्यामुळे काही खिडक्यांचं ओके बटण खाली पडद्याबाहेर जातं आणि माणूस वैतागतो. ऑल्ट दाबून धरून माउसनं खिडकी वर ओढायची, बटण दिसतं.

गाणी हार्ड डिस्कवर भरून ठेवा, लिहायला साधा एडिटर ठेवा, आणि बँकेचं काम यावर अजिबात करू नका. तसं बघितलं तर तुम्हाला हवंय तेवढ्याच कामासाठी हे जन्माला आलं होतं, २००७ मध्ये असुसनं पहिलं ईईई पीसी काढलं तेव्हा ७ इंची पडदा आणि ४ जीबीची फ्लॅश होती आणि आत लिनक्सच होतं. पुढे लोकांनी त्यावर विंडोज मागितलं आणि सगळी गडबड झाली, असं माझं आपलं मत.

प्रश्न : बार्शीत किराणा दुकान आहे. छोटा लॅपटॉप, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क. टॅली उघडायला चहा पिऊन होतो. लिनक्स टाकलं तर पळेल का?

उत्तर : टॅली विंडोजचं आहे, जुगाड करून लिनक्सवर चालवता येतं पण रिटर्न भरायच्या आदल्या रात्री तो जुगाड बसला तर तुम्ही कोणाला फोन करणार? विंडोजच ठेवा. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे, म्हणजे ओएसचा प्रश्न नाहीच. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क १०० टक्के दिसेल. फिरत्या हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे जाण्यात वेळ जातो आणि विंडोज तिला सारखी पळवतं. २५६ जीबीची साटा एसएसडी टाका, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करायची (जशीच्या तशी उतरवायची) असेल तर आधी भरलेली जागा २०० च्या खाली आणा. रॅमचा स्लॉट असेल तर ८ जीबी करा. स्टार्टअपमधली न लागणारी प्रोग्रामं बंद करा. टॅलीच्या डेटाचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्या, तो खिशात ठेवा, मगच लॅपटॉप रिपेअरवाल्याच्या हातात द्या.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, नांदेडला. जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोम ओएस फ्लेक्स टाकलं तर क्लासचं मोबाइल अॅप चालेल ना? क्रोमबुकवर तर चालतं.

उत्तर : नाही चालणार. क्रोम ओएस फ्लेक्स म्हणजे जुन्या लॅपटॉपवर टाकायची गूगलची ओएस, क्रोमबुकवर असते तिच्यासारखी. पण नाव सारखं असलं तरी फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही आणि अँड्रॉइडची अॅपं चालत नाहीत. नुसता ब्राउझर वापरायचा असेल तर फ्लेक्स छान आहे, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी डिस्क एवढीच अट, प्रोसेसर ६४-बिट हवा. क्लासवाल्यांना फोन करून विचारा की लेक्चर आणि टेस्ट दोन्ही वेबसाइटवरून होतात का. हो म्हणाले तर फ्लेक्स पेनड्राइव्हवरून चार दिवस वापरून बघा, नाही म्हणाले तर वर संगमनेरच्या ताईंना सांगितलं ते मिंटही अॅप चालवणार नाही, तिला अॅपपुरता मोबाइलच वापरू द्या.