गट घेताना: गप्प मुली, भांडणारा गट आणि निरोप

गटकार्याबद्दल, म्हणजे लोकांचा गट घेऊन समाजकार्य करण्याच्या पद्धतीबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. फिल्डवर्कमध्ये वस्तीतल्या किशोरवयीन मुलींचा गट घेते. बारा-चौदा मुली येतात, पण काही विचारलं की माना खाली. दोघीच उत्तरं देतात, बाकी वेळ मीच बोलते. काय चुकतंय?

उत्तर: आधी बसायची पद्धत बघा. मुली रांगेत आणि तुम्ही समोर उभ्या, म्हणजे ती शाळाच झाली. शाळेत बाईंच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं आणि चुकलं की वर्ग हसतो. मुली तेच गृहीत धरून गप्प बसतात. गोल करा आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसा. त्या दोन बोलक्या मुलींच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरच्या मुलीशी सारखी नजरानजर होते आणि तिला बोलायचं निमंत्रण मिळत राहतं.

मग प्रश्न बदला. 'पाळीबद्दल तुम्हाला काय वाटतं?' याचं उत्तर चौदा जणींसमोर कोण देणार? त्याऐवजी, 'पहिल्यांदा पाळी आली तेव्हा सगळ्यात आधी कोणाला सांगितलं? शेजारणीशी दोन मिनिटं बोला.' नंतर जिला वाटेल तिने सगळ्यांना सांगावं. शेजारणीची गोष्ट मात्र तिच्या परवानगीशिवाय सांगायची नाही. प्रश्न टाकल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर देऊन टाकायची सवय बहुतेक नव्या कार्यकर्तींना असते, आणि ती मोडावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. समाजकार्याचे अभ्यासक विल्यम श्वार्ट्झ यांनी 1961 मध्ये मांडलं की गट म्हणजे परस्परसाहाय्य: एकमेकांची गरज असलेली माणसं सारख्या अडचणींवर मिळून काम करतात आणि कार्यकर्ता मध्यस्थ असतो. हे आपल्याकडून होतंय का, ते तपासायची सोपी रीत आहे. रेकॉर्डिंग, म्हणजे बैठकीची नोंद, लिहिताना एक वर्तुळ काढा, प्रत्येकीच्या जागी खूण करा आणि कोण कोणाशी बोललं त्याचे बाण काढा. सगळे बाण तुमच्याकडे येत असतील, तर तो गट अजून झालेला नाही, तुमच्या चौदा वेगवेगळ्या मुलाखती चालल्या आहेत. एखादी म्हणाली, 'आई क्लासला पाठवत नाही', तर लगेच उपाय सांगू नका. 'असं आणखी कोणाच्या घरी होतं? मग तू काय केलंस?' असं विचारून बोलणं तिच्याकडून दुसरीकडे जाऊ द्या. गट घेण्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य आहे असं मी मानते, आणि ते सरावानेच येतं.

प्रश्न: मी सीआरपी (गावातल्या बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती) आहे. एक बचत गट दीड वर्ष छान चालला. आता अध्यक्षताईंनी आपल्या जावेला आधी कर्ज दिलं म्हणून भांडण पेटलंय, दोघी सदस्य रुसून बैठकीला येत नाहीत. मध्ये पडू का?

उत्तर: मध्ये पडा, पण निवाडा करू नका. भांडण झालं म्हणजे गट बुडाला असं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाचे चार टप्पे मांडले: जुळणं, वादळ, रीत बसणं आणि जोमानं काम. 1977 मध्ये त्यात समारोपाची भर पडली. हे टप्पे शिडीसारखे एकदाच येतात असं मात्र समजू नका. पैसा वाढला, पद बदललं की रीत बसलेल्या गटातही वादळ पुन्हा येतं.

रुसलेल्या दोघींना घरी जाऊन भेटा, म्हणणं पूर्ण ऐका आणि 'हेच बैठकीत बोला, मी तिथे आहे' एवढंच सांगा. बैठकीत 'कोण चुकलं' हा विषय ठेवू नका. 'मागण्या जास्त आणि शिल्लक कमी असेल तर कर्जाचा क्रम कसा लावायचा?' हा ठेवा. आजारपण आधी की पेरणी, की मुलांची फी, हे बायकाच ठरवतील. जावेच्या कर्जाबद्दल बोलायला मग आपोआप जागा मिळते. झालेला ठराव इतिवृत्तात लिहून मोठ्यानं वाचून दाखवा, मगच सह्या-अंगठे घ्या. बचत गटाच्या पाच नियमांत, म्हणजे पंचसूत्रीत, नियमित लेखे आहेत ते याचसाठी: वहीत काय आहे हे वाचता न येणारीलाही ठाऊक हवं.

प्रश्न: महिला गटात एकीने अचानक नवरा मारतो असं सांगितलं. कोणी म्हणे सहन कर, कोणी म्हणे सोडून दे. ती रडत गप्प झाली. अशा वेळी काय करावं?

उत्तर: सल्ले तिथेच थांबवा. बाकीच्यांना म्हणा, 'तिनं काय करावं ते नको. ऐकून तुम्हाला काय वाटलं, ते सांगा.' एखादी 'माझ्याही घरी हे झालंय' म्हणाली तर तिचा एकटेपणा कमी होतो. गटोपचारात (गटातून होणाऱ्या मानसोपचारात) मानसोपचारतज्ज्ञ यालॉम यांनी हा घटक ठळकपणे मांडला आहे. पण इतरांना स्वतःचं सांगायची जबरदस्ती नको. बैठकीनंतर तिला एकटीला विचारा: आज घरी जाणं सुरक्षित आहे का? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि 181 ही हेल्पलाइन यांची माहिती द्या. पुढे काय करायचं ते तीच ठरवेल.

'इथलं बोलणं इथेच' हा नियम पहिल्या बैठकीतच करा, पण 'मी कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलींना ही मर्यादा आधीच, सोप्या शब्दांत सांगायला हवी.

प्रश्न: मार्चमध्ये फिल्डवर्क संपेल. गटाला कधी सांगू?

उत्तर: खरं तर पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. राहिलं असेल तर आज सांगा. त्यानंतर गैरहजेरी वाढेल, जुने रुसवे निघतील, 'ताई, तुम्ही पण जाणार' असं कोणी म्हणेल. निरोपाच्या टप्प्यात हे होतंच, तेव्हा त्यावर बोलू द्या. खाऊ आणि फोटो जरूर करा, पण त्याआधीच्या दोन बैठका मुलींनाच घेऊ द्या आणि तुम्ही कडेला बसा. खोलीची किल्ली कोणाकडे, वही कोण लिहिणार आणि पुढची तारीख कोणती, हे त्याच बैठकांत त्यांनी ठरवायचं.